शब्दचर्चा: वकिलावर ‘अवमाना’ची कारवाई, आणि कॉन्झर्व्हेटरला मराठीत म्हणायचं काय?

प्रश्नकर्ती (अनुवादक)
कॅलिफोर्नियातल्या एका कोर्टकागदाचा मराठी सारांश करते आहे. एका वृद्ध बाईंची कॉन्झर्व्हेटरशिप (म्हणजे स्वतःचं पाहू न शकणाऱ्या सज्ञान माणसाची देखभाल किंवा कारभार कोर्टानं दुसऱ्याकडे सोपवणं), तिच्यावरून मुलांमध्ये भांडण, आणि त्यातल्या एका वकिलावर कंटेम्प्टचं प्रकरण. मला दिलेल्या शब्दसूचीत कॉन्झर्व्हेटरशिपला ‘पालकत्व’ आणि कंटेम्प्टला ‘अपमान’ आहे. दोन्ही पटत नाहीत. यंत्राचं भाषांतर तर ‘संवर्धनाचा वाद’ म्हणतंय, म्हणजे पुतळ्याची डागडुजी चालली आहे जणू. तुम्ही काय लिहाल?

वकील, तालुका न्यायालय
‘अपमान’ खोडाच. रूढ शब्द ‘न्यायालयाचा अवमान’. पण तेवढ्यानं भागत नाही. अवमान म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे न्यायाधीशांवर आवाज चढवणारा वकील येतो.

आपल्या १९७१ च्या कायद्यात अवमान दोन प्रकारचा. दिवाणी अवमान म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा हुकूमनामा बुद्धिपुरस्सर न पाळणं, नाहीतर न्यायालयाला दिलेली हमी मोडणं. फौजदारी अवमान म्हणजे न्यायालयाची प्रतिष्ठा मलिन करणं, कामकाजात अडथळा आणणं वगैरे. गाजतो तो दुसरा. २०२० मध्ये वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटवरून सर्वोच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि १ रुपया दंड केला, ते लोकांच्या लक्षात राहिलं. पहिल्या प्रकारच्या अवमान याचिका मात्र रोजच्या: पगार द्या म्हटलं, दिला नाही, बांधकाम थांबवा म्हटलं, थांबवलं नाही. तुमच्या कागदातल्या वकिलानं नेमकं काय केलं?

प्रश्नकर्ती
हिशेब आणि फाइली नव्या कॉन्झर्व्हेटरकडे सोपवायचा आदेश होता. मुदत उलटून गेली तरी सोपवल्या नाहीत, असं म्हणणं आहे.

वकील, तालुका न्यायालय
मग ‘आदेश न पाळल्याबद्दल वकिलाविरुद्ध अवमानाची कारवाई’. कारण आधी, अवमान मागून. आणि ‘अवमान केला’ हे क्रियापद निकाल लागेपर्यंत वापरू नका. कारणे दाखवा नोटीस निघाली म्हणजे माणूस दोषी ठरला नाही. वर्तमानपत्रं हे सर्रास चुकवतात.

एक वाचक
‘बेअदबी’ का नको? जुना, भारदस्त शब्द आहे.

वकील, तालुका न्यायालय
भर कोर्टात कोणी उद्धटपणा केला तर शोभेल. फाइली दडवून बसणारा वकील अदबीत कुठे कमी पडतो? उलट असे लोक ‘मायलॉर्ड’ फार गोड म्हणतात.

सॅन होजेहून
इथली बाजू सांगतो. कॅलिफोर्नियात अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालच्या) मुलासाठी नेमतात तो गार्डियन, सज्ञान माणसासाठी नेमतात तो कॉन्झर्व्हेटर. बाकी बऱ्याच राज्यांत दोघांनाही गार्डियनच म्हणतात, तिथून हा घोळ होतो. शिवाय व्यक्तीचा कॉन्झर्व्हेटर वेगळा आणि मिळकतीचा वेगळा असू शकतो. गायिका ब्रिटनी स्पिअर्सच्या बाबतीत २०१९ पासून तसंच होतं: पैसा वडिलांच्या हाती, तिची स्वतःची देखभाल दुसऱ्या कॉन्झर्व्हेटरकडे. तेव्हा ‘पालकत्वाचा वाद’ लिहिलंत तर यातलं नेमकं कशावरून भांडण आहे ते वाचकाला कळणारच नाही.

अवमानाचंही थोडं. इथे आदेश मोडल्याचा अवमान सिद्ध करायचा तर चार गोष्टी लागतात. आदेश वैध होता, त्या माणसाला तो ठाऊक होता, पाळणं त्याच्या हातात होतं, आणि तरी त्यानं जाणूनबुजून पाळला नाही. तेही फौजदारी खटल्यासारखं, वाजवी संशयाला जागा न ठेवता. शिक्षा साधारण १००० डॉलरपर्यंत दंड आणि पाच दिवसांपर्यंत कैद. पण हातातली गोष्ट करायलाच नकार असेल, तर ती करेपर्यंत आत ठेवता येतं. वकिलासाठी एक खास सोय आहे. शिक्षा झाली तरी तिची अंमलबजावणी लगेच होत नाही. कोर्टाच्या कामाचे तीन दिवस मिळतात, तेवढ्यात वरच्या कोर्टात अर्ज करायचा. आणि कोर्टाबद्दल बाहेर काही बोलल्या-लिहिल्याबद्दल इथे सहसा अवमान लागत नाही. म्हणजे भूषण यांच्यासारखं प्रकरण इथे उभं राहणं कठीण.

वकील, तालुका न्यायालय
आपल्याकडे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २००० रुपयांपर्यंत दंड. आमचं तालुका न्यायालय स्वतः ही शिक्षा देत नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावं लागतं. आणि ताई, मराठी वाचक लगेच विचारेल, ‘सनद गेली का?’ १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकील विनयचंद्र मिश्र यांना अवमानाबद्दल शिक्षा देताना तीन वर्षं वकिली बंद केली होती. १९९८ मध्ये घटनापीठानंच ठरवलं की अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही, ते काम बार कौन्सिलचं, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचं. म्हणून ‘वकिलीवर गदा’ असली शीर्षकं कागदात तसं लिहिलं असेल तरच.

महसूल खात्यातून निवृत्त
कॉन्झर्व्हेटरकडे वळू या. ‘संरक्षक’ सुचवणारे येतीलच, पण आमच्याकडे कॉन्झर्व्हेटर म्हणजे वनसंरक्षक! ‘पालक’ म्हटलं की शाळेची पालकसभा. सातबारावर ‘अ.पा.क.’ पाहिलं असेल: अज्ञान पालन कर्ता. मुलाचं नाव, पुढे अ.पा.क., पुढे आईचं नाव. मूल सज्ञान झालं की अर्ज द्यायचा आणि ते शेपूट काढून टाकायचं. तुमच्या बाई तर कधीच्या सज्ञान. त्यांना ‘पाल्य’ केलंत तर एखादी नातवंडं असलेली आजी बालवाडीत बसवल्यासारखी वाटेल. माझं मत ‘न्यायालयानं नेमलेला कारभारी’ला. मिळकतीसाठी चपखल आहे. गावाकडे बायका नवऱ्यालाही कारभारी म्हणतात हे खरं, पण ‘न्यायालयानं नेमलेला’ म्हटल्यावर तो घोटाळा होत नाही.

एक वाचक
आपल्या कायद्यात सज्ञानासाठी काहीच नाही का?

वकील, तालुका न्यायालय
आहे, पण तुकड्यातुकड्यांत. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अज्ञानांपुरता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा स्थितींत सज्ञानालाही पालक मिळतो, जिल्हा पातळीवरच्या समितीकडून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे, त्यात निर्णय त्या व्यक्तीला बरोबर घेऊन करायचे असतात. पण कोमात गेलेल्या माणसाचं बँक खातं चालवायचं तर घरच्यांना उच्च न्यायालय गाठावं लागतं.

सॅन होजेहून
एक गोष्ट अनुवादात निसटू देऊ नका: वकील कुणाचा? बाईंचा, कारभाऱ्याचा की मुलांपैकी कुणाचा? इथे या वादांत तोच कळीचा मुद्दा असतो. २००८ मध्ये ब्रिटनीनं स्वतः वकील ठेवायचा प्रयत्न केला, तर तिला वकील नेमण्याइतकी क्षमता नाही म्हणून कोर्टानं त्याला उभं राहू दिलं नाही. पसंतीचा वकील मिळाला तो जुलै २०२१ मध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये सगळी व्यवस्थाच संपली. त्याच वर्षी राज्यानं कायदा बदलून पसंतीच्या वकिलाचा हक्क मान्य केला.

प्रश्नकर्ती
वकील आधीच्या कारभाऱ्याचा आहे. मग असं चालेल? ‘वृद्ध आईचा कारभार कोणी पाहावा यावरून कॅलिफोर्नियात चाललेल्या वादात, न्यायालयानं आधी नेमलेल्या कारभाऱ्याच्या वकिलाविरुद्ध, आदेश न पाळल्याबद्दल अवमानाची कारवाई सुरू झाली आहे. मुदत संपूनही त्यांनी हिशेब आणि फाइली नव्या कारभाऱ्याकडे सोपवल्या नाहीत.’ पहिल्या उल्लेखाला ‘कॉन्झर्व्हेटर’ देवनागरीत ठेवते, पुढे कारभारी.

महसूल खात्यातून निवृत्त
छान. ‘आई’ म्हटलंत, ‘पाल्य’ टळलं.

वकील, तालुका न्यायालय
शेवटच्या वाक्याला ‘असा आरोप आहे’ जोडा, आणि द्या पाठवून.