२०२० पासून उभी असलेली मारुती ८०० : टाकीतलं जुनं पेट्रोल कसं काढायचं?

होटगीरोडची_लेक

नमस्कार. आमच्या अण्णांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), एमएच १३ म्हणजे सोलापूर पासिंग. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली लावली, ती तिथंच आहे. नंतर अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माझी बदली पुण्याला झाली आणि गाडी राहूनच गेली. लावली तेव्हा टाकी अर्धी होती हे अण्णांना पक्कं आठवतं.

परवा टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नेहमीचा वास आलाच नाही. वार्निशचा डबा उघडल्यावर येतो तसा उग्र, आंबूस वास आला. शेजारचे काका म्हणतात, "वरून पाच लिटर ताजं ओता, बॅटरी टाका, धक्का मारा, होते चालू." भाचा नळी घालून तोंडानं ओढायला निघाला होता, त्याला मी थांबवलं.

अण्णांना आता रिक्षात चढता येत नाही, पण ८०० च्या पुढच्या सीटवर ते नीट बसू शकतात, आम्ही बसवून पाहिलं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला त्यांना याच गाडीतून न्यायचं माझ्या मनात आहे. घाई नाही, पण काम नीट व्हायला हवं. पेट्रोल काढायचं कसं, काढलेलं टाकायचं कुठं, आणि काढल्यावर आणखी काय काय बघायचं?

सातरस्ता_७७

एवढं काही लागत नाही. माझी स्कूटर वर्षभर उभी होती. फ्युएल सिस्टीम क्लीनरची एक बाटली आणि टाकीभर ताजं पेट्रोल घातलं, चालू झाली. गाडीचंही तसंच होईल. निम्मं जुनं, निम्मं नवं करून बघा.

मेस्त्री_अक्कलकोटरोड

ताई, पहिलं काम म्हणजे किल्ली लावू नका. धक्का तर अजिबात नको. गाडी उभी आहे तोवर घाण टाकीत आहे. इंजिन फिरलं की तीच घाण पंप, कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्हपर्यंत जाणार, मग शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

वरच्या भावांचं स्कूटरचं खोटं नाही. वर्षभराच्या पेट्रोलला ताज्याची जोड देऊन निभावतं कधी कधी. पण इतक्या वर्षांचं पेट्रोल हे पेट्रोल राहिलेलं नसतं. त्यातला हलका भाग आधी उडून जातो. थंड इंजिनाला पेट घ्यायला तोच लागतो. जे मागे राहतं त्याचा हवेशी संयोग होऊन डिंक तयार होतो, तुम्हाला आलेला वार्निशचा वास त्याचाच. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्र्याची शेड, म्हणजे हे सगळं आणखी लवकर होतं. बाटलीतलं औषध हा डिंक परत पेट्रोल करून देत नाही. पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं, पण ते गाडी उभी करण्याआधी, ताज्या पेट्रोलात घालायचं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०२० मध्येसुद्धा पेट्रोलमध्ये इथेनॉल होतं, देशाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. टाकी अर्धी रिकामी, म्हणजे वरच्या जागेत हवा. पावसाळ्यात दमट हवा आत जाते, रात्री पत्र्यावर घाम धरतो. पाणी हद्दीबाहेर गेलं की इथेनॉलला सोबत घेऊन तळाला बसतं. आणि गाडीची नळी पेट्रोल उचलते ते तळापासूनच. म्हणून वरून कितीही ताजं ओतलं तरी इंजिनाला पहिला घोट तळाचाच जाणार.

आता काढायचं कसं.

गाडी ढकलून उघड्यावर घ्या. शेडमध्ये नाही, पोर्चमध्ये नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत लांब जाते आणि कुठल्या तरी ठिणगीला गाठते. म्हणून त्या वेळी तुळशीपुढचा दिवा लावायचा नाही, उदबत्ती नाही, न्हाणीतला गॅस गीझर बंद, स्वयंपाकघराची त्या बाजूची खिडकी बंद. घरातल्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. बॅटरी मेलेली असली तरी तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. कोरड्या पावडरचा अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, नसेल तर दोन घमेली वाळू. अंगात सुती कपडे, नायलॉन-पॉलिस्टर नको.

बादली प्लास्टिकची घ्यायची नाही. वाहत्या पेट्रोलनं प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि ठिणगीला तेवढं पुरतं. झाकणाचा पत्र्याचा कॅन घ्या, तो जमिनीवर टेकवून ठेवा, आणि कॅनपासून गाडीच्या उघड्या लोखंडापर्यंत एक वायर जोडा.

तोंडानं ओढायचं नाही, हे भाच्याला समोर बसवून सांगा. घोटभर पोटात जाण्यापेक्षा थेंबभर फुप्फुसात जाणं जास्त घातक आहे, त्यानं न्यूमोनियासारखा आजार होतो. कोणी चुकून गिळलंच तर उलटी करवायची नाही, कारण उलटीत ते परत छातीत उतरतं. सरळ दवाखाना. ओढायला हातानं दाबायचा सायफन पंप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रेशनचं रॉकेल काढायचा जुना पत्र्याचा पंप घरात असेल तर तोही चालतो.

टाकीच्या तोंडातून नळी तळापर्यंत पोचेलच असं नाही, मान वाकडी असते. मी इंजिनाकडून करतो. ८०० चा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला आहे, विजेवर चालणारा नाही. टाकीकडून त्याला येणारी रबरी नळी सोडायची, तिला लांब नळी जोडून टोक टाकीच्या पातळीखाली न्यायचं, सायफन पंपानं एकदा ओढ द्यायची. पुढे ते आपोआप उतरतं.

पहिलं अर्धा लिटर पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरा आणि सावलीत अर्धा तास हलवू नका. एकसारखं, स्वच्छ, फक्त रंग गडद, तर टाकी वाचली. दोन थर दिसले किंवा तळाला लाल गाळ बसला, तर टाकी उतरवावी लागेल. बाटलीत काय दिसतं ते इथं लिहा, पुढचं मग सांगतो.

जुळेसोलापूर_ऑटो

मेस्त्रींचं बरोबर आहे. एक भर, ज्यांच्या उभ्या गाड्या एमपीएफआय आहेत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या, त्यांच्यासाठी. तिथं पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलनं थंड राहतो. "होतेय का बघू" म्हणून किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली की डिंकाळलेल्या जाळीतून ओढताना पंप जळतो. आधी पंपाचा फ्यूज काढा, मग टाकी रिकामी करा. लाइनमध्ये दाब असतो, नळी सोडताना तोंड लांब ठेवा.

होटगीरोडची_लेक

मेस्त्रीकाका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहाटे गाडी अंगणाच्या तोंडाशी घेतली, आईनं दिवा उशिरा लावला. बाटलीचा फोटो जोडत आहे. वर तांबूस, खाली वेगळा गढूळ थर, आणि अगदी तळाशी लाल चुरा. अण्णा खुर्ची टाकून सगळं बघत होते. बाटली हातात घेऊन म्हणाले, "हे मी माझ्या गाडीला पाजणार होतो."

मेस्त्री_अक्कलकोटरोड

फोटो स्पष्ट आहे. खालचा थर पाणी आणि इथेनॉलचा, लाल चुरा म्हणजे टाकीचा गंज. टाकी उतरवा. उरलेलं सगळं काढून झाल्यावरच नट सोडा, भरल्या टाकीला हात लावू नका.

उतरवलेली टाकी गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरीनं धुवायची. गंज धरला असेल तर आत मूठभर नट टाकून हलवायचं, मग नट मोजून बाहेर काढायचे. पुन्हा धुवा, उलटी करून उन्हात वाळवा. आपल्याकडच्या उन्हाला एक दिवस पुरे. वास गेला म्हणून वाफ गेली असं नसतं, म्हणून टाकीला भोक सापडलं तर रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीचे स्फोट भरलेलीपेक्षा वाईट असतात. भोक असेल तर सरळ दुसरी टाकी घ्या.

मग कार्ब्युरेटर. हे काम घरी नको, अनुभवी माणसाकडून करा. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथं, पेट्रोल वाळून मधासारखा चिकट थर बसलेला असतो, स्लो जेटचं (गाडी उभ्या जागी चालू असताना पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीचं) भोक केसाएवढं, ते पहिलं बुजतं. तारेनं खोचायचं नाही, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. स्प्रे आणि हवेच्या दाबानं साफ करायचं. नीडल व्हॉल्व्ह, गॅस्केट नवे घाला. पेट्रोल फिल्टर नवा. पंपाचा पडदा ताठरला असेल तर पंपही बदला.

रबरी नळ्यांत काटकसर नको. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९९७ ची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत, फुगतात, तडकतात. इथेनॉल सोसणाऱ्या इंधनाच्या नळ्या मागून घ्या, पाण्याची साधी नळी नको.

इंजिन पहिल्यांदा हातानं फिरवायचं. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग क्रँक पुलीला (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाला) पाना लावून हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका. इंजिन ऑइल आणि टायमिंग बेल्ट दोन्ही बदला, बेल्टचं रबर उभ्या गाडीतही वाळतं. ब्रेक आणि टायर हा वेगळा विषय आहे, पण अण्णांना बसवायच्या आधी ते करून घ्याच.

पंपावरचा_माणूस

मी बरीच वर्षं पेट्रोल पंपावर काम केलंय, म्हणून टाकायचं कुठं याचं सांगतो. पंप जुनं पेट्रोल परत घेत नाही, तिथं नेऊ नका. गटारीत तर मुळीच नको. वाफ गटारीतून शेजारच्या घरात निघते आणि पाणी नासतं ते वेगळंच. गवत मारायला ओतणं, कचऱ्यावर टाकून पेटवणं, यातून माणसं भाजलेली मी पाहिली आहेत.

पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट झाकणाच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. ८०० ची टाकी २८ लिटरची आणि तुमची अर्धीच होती, म्हणजे पत्र्याच्या एका कॅनमध्ये मावेल. कॅन घराबाहेर, सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. वर मोठ्या अक्षरात लिहा, 'खराब पेट्रोल, पाणी मिसळलेलं', नाहीतर कोणीतरी चांगुलपणानं गाडीत घालेल.

मोठ्या गॅरेजकडून जुनं ऑइल उचलणारे नोंदणीकृत लोक असतात, त्यांना आधी विचारा. नाही जमलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सोलापुरात आहे, तिथं अशा कचऱ्यासाठी मान्यता असलेल्यांची नावं मागा.

ताजं भरताना शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची आणि घनतेची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, बिनधास्त मागा.

होटगीरोडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकी उतरवायचं ठरलं. शेवटचं एकच विचारते, सगळं बसवून झाल्यावर पहिल्यांदा किती पेट्रोल भरू? आणि आरसीचं काय?

मेस्त्री_अक्कलकोटरोड

आरसीची मुदत, विमा आणि पीयूसी रस्त्यावर काढायच्या आधी तपासा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. आरटीओचं काम आत्ताच सुरू करा, जानेवारीच्या तोंडावर नको.

पेट्रोल पाच लिटरच भरा. चालू करायच्या आधी गाडीखाली टाकीपासून इंजिनापर्यंत पुठ्ठे पसरून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी ओला डाग कुठं दिसतो बघा. डाग नसेल तर चोक ओढून सेल्फ मारा, एका वेळी पाच-सहा सेकंदांच्या वर नाही. चालू झाली की आठवड्याभरानं फिल्टर उघडून बघा. त्यात लाल चुरा आला असेल तर तो बदला आणि टाकी पुन्हा एकदा धुवा.