मदत हवी आहे: जायरोप्लेनचा रोटर फिरवला की कंट्रोल स्टिक हातात गोल फिरते

नमस्कार मंडळी,

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथं गेलं दीड वर्ष मामाचं एकसीटर जायरोप्लेन परत उभं करतोय आणि आता एका जागी अडकलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात वरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, इंजिनवर चालत नाही, मागचा प्रॉपेलर मशीनला पुढं ढकलतो आणि खालून वर जाणाऱ्या हवेवर पंखा आपोआप फिरत राहतो.

मशीन हवेत नाही मोडलं, दौंडकडे एका माळावर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालवताना मोडलं. पंख्याने वेग घ्यायच्या आतच मामाने थ्रॉटल दिला, पाती फडकायला लागली आणि एक मागं खाली येऊन थेट शेपटीच्या रडरवर बसलं, मशीन आडवं. मामाच्या खांद्यावर निभावलं. अशी मशीन पहिल्यांदा बनवणाऱ्या सिएर्वाने १९२३ साली स्पेनमध्ये पात्यांना वरखाली होता यावं म्हणून बिजागरी दिली तेव्हाच त्याचं ऑटोजायरो (जायरोप्लेनच) नीट उडालं, त्याआधीची एका बाजूला कलंडायची, आणि आमच्याकडे तीच वरखाली व्हायची मोकळीक पंखा हळू असताना उलटली.

आता कील (सांगाड्याची खालची आडवी ट्यूब) आणि मास्ट (पंखा धरणारी उभी ट्यूब) २ इंची चौकोनी ६०६१-टी६ ॲल्युमिनियम ट्यूबमधून नवीन केलेत, बोल्ट सगळे एअरक्राफ्ट ग्रेडचे, रोटॅक्स ५८२ इंजिन उघडून तपासून झालं. पाती मात्र जुनीच आहेत. आपटलेल्या पात्याच्या टोकाला घासल्याची खूण आहे, बाकी डोळ्याला काही दिसत नाही.

प्रॉब्लेम असा की मशीन जमिनीला बांधून प्रीरोटेटरने (सुरुवातीला पंखा फिरवून देणारी जोडणी) पंखा फिरवला की साधारण १०० आरपीएमपासून स्टिक हातात गोल फिरायला लागते. आपटलेल्या पात्याला लाल टेप लावून बघितलं, एका फेऱ्याला एकच झटका, दोन नाहीत. मग गवंडी वापरतात ती लाईनदोरी दोन्ही टोकांच्या मध्यखुणांवरून ताणली. ती हबच्या (पाती जिथं जोडतात तो मधला भाग) बरोबर मध्यावरून जायला हवी ना, तर साडेतीन मिलिमीटर सरकलीय, लाल टेपवाल्या पात्याच्या मागच्या कडेच्या बाजूला. दोन पात्यांच्या वजनात ४० ग्रॅमचा फरक आहे.

मुळाचे बोल्ट ढिले करून पातं पुढं ओढून परत कसलं तर चालेल का? आणि ४० ग्रॅम हलक्या पात्याच्या टोकात भरायचे की आणखी काही बघायचं? उडवण्याबद्दल सल्ले नकोत, लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) कागद हातात आल्याशिवाय चाक जमीन सोडणार नाही.

प्रतिसाद:
दादा, आधी थांबा, ते पातं पुढं ओढू नका. मध्यावर साडेतीन म्हणजे टोकाला सात मिलिमीटर, आणि सरकलंय नेमकं आपटलेलं पातं, तेही मागच्या बाजूला. धक्का मुळाच्या भोकांनी खाल्लाय. बोल्ट काढून भोकं मोजा, ओव्हल झाली असतील. कसून दोरी मध्यावर येईलही, पण चीर असेल तर ती तुमची वाट बघत बसेल. हबबार (दोन्ही पाती जोडणारी मधली पट्टी) आणि टीटर बोल्ट (ज्यावर ती पट्टी झुलते) वरून सरळ दिसले तरी डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरा दाखवणाऱ्या रंगाची टेस्ट करा, तुमच्या भागात ही टेस्ट करणारे मिळतील. फेऱ्याला दोन झटके असते तर टीटर बोल्टची उंची बघा म्हणालो असतो, एक झटका म्हणजे वजन किंवा रेषा.

धागाकर्ता:
तुमचं ऐकून काल बोल्ट काढले. चारपैकी दोन भोकं ओव्हल निघाली, एकात ०.४ मिलिमीटर, बाहेरून वॉशरखाली काहीच कळत नव्हतं. डाय मारल्यावर त्याच भोकाच्या कडेला नखाएवढी लाल रेघ उठली. मामा बराच वेळ नुसता बघत उभा होता, मग स्वतःच कटर घेतला आणि दोन्ही पात्यांचे मधोमध तुकडे केले, म्हणजे भंगारातून उचलून कुणी परत लावायला नको. खूप खूप आभार तुमचे, मी खरंच ओढून कसणार होतो.

हबबार आणि टीटर बोल्ट पण नवीनच घेतोय. आता पुढचं विचारतो, नवीन पाती जुन्यांपेक्षा जड आली तर फिरताना त्यांची टोकं कमी वर उचलली जातील, म्हणजे हबबार आणि टीटर बोल्टमधलं अंतर नव्याने काढावं लागेल ना? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी मापं कशी घेतली ते फोटोसकट टाका प्लीज.