मदत हवी आहे: उश्मालजवळच्या सांता एलेना गावात आईबाबांना घेऊन मुक्काम करावा का?

सायली_ऑस्टिन

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या सुमारास आईबाबा माझ्याकडे असतील. तेव्हा त्यांना मेक्सिकोतल्या युकातानला न्यायचा बेत आहे, मुख्यतः उश्मालसाठी, म्हणजे माया लोकांच्या एका जुन्या शहराच्या अवशेषांसाठी. तसंच पण जास्त गाजलेलं चिचेन इत्सा मुद्दाम वगळलंय, कानकूनहून येणाऱ्या बसगाड्यांची तिथली जत्रा दोघांनाही झेपणार नाही. दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तो प्रश्न मिटला.

घोडं अडलंय मुक्कामावर. ज्याला विचारावं तो म्हणतो, मेरिदा शहरात राहा, उश्माल ८० किलोमीटर तर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. माझ्या मनात मात्र सांता एलेना आहे. लहानसं गाव, उश्मालपासून पंधरासोळा किलोमीटर, आणि काबाहचे अवशेष त्याहूनही जवळ.

कारण बाबा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि पिरॅमिडचं त्यांना काडीचं कौतुक नाही. उश्मालचे फोटो दाखवले तर पहिला प्रश्न, "नदी कुठली?" नदी नाहीच म्हटल्यावर सावरून बसले! उश्मालभोवतीच्या त्या पूक टेकड्यांत नदी नाही, ओढा नाही. सगळा चुनखडक, पडलेलं पाणी सरळ खाली मुरतं आणि भूजल फार खोल. उत्तरेकडच्या सपाटीला निदान सेनोते, म्हणजे छत कोसळून उघड्या पडलेल्या नैसर्गिक विहिरी आहेत. इथे त्याही जवळपास नाहीत. तरीही हजारेक वर्षांपूर्वी इथे एकाला लागून एक शहरं नांदत होती, साठवलेल्या पावसावर. खडकात बाटलीच्या आकाराचे हौद खणायचे, त्यांना चुलतून म्हणतात. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून चुन्याचा गिलावा, आणि भोवतालचं अंगण तोंडाच्या दिशेने उतरतं. बाबांना हे निवांत बघायचंय. मार्गदर्शक झेंडा हलवत पुढे पळतोय अशा सहलीत ते व्हायचं नाही.

आईचं वेगळंच. गुडघे दुखतात, अंडंसुद्धा चालत नाही, आणि मध्ये चतुर्थी आली तर उपास आहेच. तिकडे घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी घालतात असं ऐकलंय. खरं का? गाडी भाड्याने घ्यावी की बसने जमेल? संध्याकाळी गावात दोघांना करमेल का? आणि कुणी तिथे राहिलंय का? नुसतं "मस्त आहे" नको, नीट सांगा प्लीज.

आडवाट

राहा, बिनधास्त राहा. उश्माल सकाळी ८ ला उघडतं. गावातून निघालात तर दार उघडायला हजर, मेरिदाच्या बसगाड्या यायच्या आत जादूगाराच्या पिरॅमिडभोवती तुम्ही आणि घोरपडीसारखे दिसणारे इग्वाना. पिरॅमिडवर चढू देत नाहीत, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न निम्मा सुटला. बाकी चालणं आहे आणि दगडी पायऱ्या बऱ्यापैकी उंच आहेत, काठी असू द्या. तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्राचं, एक राज्याचं. दोन्ही हातात नीट धरा, आत जाताना तपासतात.

काबाह चुकवू नका. हमरस्त्याला लागूनच आहे. तिथल्या मुखवट्यांच्या वाड्याची दर्शनी भिंत पावसाच्या देवाच्या, चाआकच्या मुखवट्यांनी भरलेली आहे, अडीचशेच्या आसपास. लांब वळलेलं नाक, बटबटीत डोळे, तेच रूप ओळीने पुन्हा पुन्हा. बरीच नाकं तुटलीत. नदी नसलेल्या मुलखात पावसाला किती विनवण्या कराव्या लागल्या असतील, ते बाबांना सांगायची गरज पडणार नाही. रस्त्यापलीकडे कमान आहे, उश्मालहून काबाहला येणारा चुन्याचा पांढरा रस्ता तिथवर यायचा.

चुलतूनसाठी लाबना, तिथलंच आणखी एक जुनं शहर. तिथल्या राजवाड्यात वरच्या मजल्यावरच एक आहे, म्हणजे गच्चीवरचं पाणी थेट हौदात. फक्त लाबना आणि त्याच्या वाटेवरचं सायिल हे अवशेष मधे बरेच दिवस बंद होते, निघण्यापूर्वी चौकशी करा.

मुळाकाठ

आडवाट यांना अनुमोदन, पण गाडी घ्याच. मेरिदाहून दुसऱ्या वर्गाची बस सांता एलेनावरून जाते खरी, पण दिवसातून मोजक्याच, आणि सायिल-लाबना आडवळणाला आहेत, तिकडे बस नाही. गाडी ठरवताना एक बघा: ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त भाड्यात तिथला सक्तीचा विमा बहुधा धरलेला नसतो, काउंटरवर आकडा भलताच फुगतो. तसंच गावागावांत गतिरोधक आहेत, तेही रंग न दिलेले. अंधारात गाडी चालवू नका.

रोख पेसो मेरिदातच काढा.

चरबीचं खरं आहे. "सिन मान्तेका" म्हणजे चरबी नको, हे पाठ करा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर कोंबडीच्या पाण्यातलं सूप समोर येतं, म्हणून "नी पोयो, नी काल्दो दे पोयो" हेही सांगायचं. पापाद्झूल शाकाहारी म्हणून सुचवतील, आत उकडलेलं अंडं असतं. आईंना आवडेल ते सिकिल पाक: भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि भाजलेला टोमॅटो वाटून केलेलं, थेट आपल्या जवसाच्या चटणीच्या जातीचं. सोबत तव्यावरची गरम मक्याची भाकरी, अवोकाडो, चाया नावाची पालेभाजी. हाबानेरो मिरची बेतानेच, आपण तिखट खातो या घमेंडीत राहू नका. उपासाला पपई, संत्री, आणि साबुदाणा घरूनच न्या.

संध्याकाळचं म्हणाल तर टेकाडावरचं चर्च आणि चौक, संपलं गाव. चर्चच्या फरशीखाली सापडलेल्या लहान मुलांच्या ममी शेजारच्या छोट्या संग्रहालयात ठेवल्यात. आईंना आधी विचारा, सगळ्यांना ते बघवत नाही.

आडवाट

बाबांसाठी आणखी एक. सांता एलेनाचं जुनं नाव नोह्काकाब. माया अवशेषांवर लिहिणारा अमेरिकन प्रवासी स्टीफन्स आणि त्याचा चित्रकार सोबती कॅथरवूड १८४१-४२ च्या फेरीत तिथे राहिले होते. कॅथरवूडने पुढे दक्षिणेला बोलोंचेनच्या गुहेतली भलीथोरली लाकडी शिडी चितारली आहे, डोक्यापाठीवर घागरी घेऊन खालून पाणी वर आणणाऱ्या माणसांसकट. ते चित्र शोधून दाखवा त्यांना.

सायली_ऑस्टिन

खूप आभार दोघांचे! मुक्काम सांता एलेनालाच, गाडी बघतेय. चित्र बाबांना लगेच पाठवलं. पाच मिनिटांत फोन: शिडीचं समजलं, पण त्या चुलतूनमध्ये गाळ साचल्यावर तो काढायचे कसा, तोंड तर माणूस जेमतेम उतरेल एवढंच दिसतंय? मी काय सांगणार, कपाळ! कुणाला माहीत असेल तर लिहा, नाहीतर लाबनाला ते मलाच आत उतरवतील.