पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात हायपोथिसिस टेस्टिंग हवंच कशाला?

विश्रामबागकर

सांगलीत बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. मत आधीच सांगून टाकतो, नंतर भांडू. विषयाची पहिली ओळख करून देताना हायपोथिसिस टेस्टिंग, म्हणजे आधी एक गृहीतक मांडून नमुन्यावरून ते फेटाळायचं की नाही ते ठरवणं, शिकवूच नये. नमुना, सरासरी, स्टँडर्ड एरर (नमुन्यागणिक सरासरी किती हलते त्याचं माप), कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेला खऱ्या सरासरीचा अंदाजे पट्टा), आणि इथंच थांबावं. चाचण्या पुढच्या वर्षी.

समजा, वाळवा तालुक्यातल्या १२ ऊस उत्पादकांनी एक नवं खत वापरून बघितलं. प्रत्येकानं स्वतःच्याच रानात एक एकर खत घालून आणि शेजारचा एक एकर न घालता. फरकाची सरासरी एकरी २.४ टन, फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (विखुरलेपणाचं माप) ४.२ टन. स्टँडर्ड एरर १.२१, टी (सरासरी भागिले स्टँडर्ड एरर) आला १.९८. अकरा डिग्री ऑफ फ्रीडमला (शेतकऱ्यांपेक्षा एक कमी) पाच टक्क्यांची टेबल व्हॅल्यू, म्हणजे टी जिच्यापुढं गेला तरच फरक 'सिग्निफिकंट' धरतात ती, २.२०१.

आता मुलांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलात काय लिहिलं जातं? 'कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टेबल व्हॅल्यूपेक्षा कमी, म्हणून एच नॉट (फरक नाही हे गृहीतक) ॲक्सेप्ट. खताचा परिणाम होत नाही.' आणि याला पैकीच्या पैकी मार्क पडतात!

तीच आकडेमोड इंटरव्हल म्हणून मांडा: उणे ०.३ ते ५.१ टन. खत निरुपयोगी असू शकतं, किंवा एकरी पाच टन वाढवणारंही असू शकतं. टनाला ३,००० रुपये धरले तर पाच टनांचे १५,००० झाले. यातून 'परिणाम होत नाही' कुठून निघालं? बारा जणांवरून काही ठरवण्याइतकी माहिती हाती आलेली नाही, एवढंच निघतं. इंटरव्हलच्या रुंदीत ते डोळ्यांना दिसतं. 'ॲक्सेप्ट'मध्ये गडप होतं.

आणि हे पाच टक्के, म्हणजे परिणाम नसताना आहे म्हणण्याची जोखीम, तरी कुठून आले? इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ फिशरनी १९२५ च्या पुस्तकात सोयीचा म्हणून सुचवलेला आकडा. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेनं २०१६ साली पी-व्हॅल्यूच्या (परिणाम नसताच तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता, तिच्या) गैरवापरावर अधिकृत निवेदन काढलं. २०१९ मध्ये आठशेहून जास्त शास्त्रज्ञांनी 'नेचर'मधल्या लेखाला सह्या दिल्या की 'सिग्निफिकंट' हा शिक्काच बंद करा. आपण अजून टेबल बघून होय-नाही करतोय.

गुणनियंत्रण

'ॲक्सेप्ट' लिहिणाऱ्याचे मार्क कापा की सर. त्यासाठी अख्खा धडा कशाला कापताय?

मी कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरीच्या पॅकिंगवर क्वालिटी बघते. लॉटमधून नमुन्याची पाकिटं काढायची, वजन करायचं, आणि लॉट सोडायचा की अडवायचा ते ठरवायचं. गाडी दारात उभी असते. ड्रायव्हरला मी इंटरव्हल वाचून दाखवू? निर्णय होय किंवा नाही एवढाच आहे, आणि तो दोन तऱ्हेनं चुकतो. चांगला लॉट अडवला तर आमचं नुकसान, कमी वजनाचा लॉट सोडला तर गिऱ्हाइकाचं. आमच्या कामात याला उत्पादकाची जोखीम आणि ग्राहकाची जोखीम म्हणतात. नेमन आणि एगॉन पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हाच विचार गणितात बसवला. मुलांना तो शिकवायचाच नाही?

तुमच्या उसाचंच घ्या. इंटरव्हलमध्ये शून्य येतं आणि टी २.२०१ च्या आत राहतो, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गणित एकच आहे. तुमची खरी अडचण अशी की प्रश्नच चुकीचा विचारला गेला. खताचा खर्च एकरी ४,००० रुपये असेल तर ३,००० च्या भावानं १.३३ टन वाढल्याशिवाय खर्च निघत नाही. मग शून्याशी तुलना करायचीच कशाला? एच नॉट असं मांडा की वाढ १.३३ टन किंवा त्याहून कमी आहे. टी येतो ०.८८, एकतर्फी पी-व्हॅल्यू साधारण ०.२. शेतकऱ्याला सरळ सांगता येतं की खर्च निघेल असं म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. हे टेस्टिंगनंच सांगितलं ना?

विश्रामबागकर

मॅडम, तुम्ही १.३३ काढलात तो आकडा अभ्यासक्रमात कुठंच नाही. पुस्तकातल्या प्रत्येक गणितात एच नॉट छापून तयार असतो आणि बहुतेक वेळा 'फरक नाही' एवढाच असतो. तो कुणी ठरवला, का ठरवला, हे मुलगा विचारतच नाही. इंटरव्हल एकदा काढून दिला की ज्याला शून्याशी ताडायचंय त्यानं शून्याशी ताडावं, ज्याला १.३३ शी त्यानं तसं. उद्या उसाचा भाव बदलला तर तुमची चाचणी पुन्हा करावी लागेल, माझा इंटरव्हल तोच राहील.

द्राक्षवाला

मणेराजुरीचा हाय. संख्याशास्त्र बारावीनंतर सुटलं, पण तुमचं भांडण वाचतोय.

आमच्याकडं औषधवाला येतो आणि म्हणतो, 'दादा, ९५ टक्के रिझल्ट हाय, युनिव्हर्सिटीची ट्रायल हाय.' तवा आधी मला ह्ये सांगा, त्यो ९५ टक्के म्हंजे नेमकं काय? शंभरातल्या ९५ बागांत रिझल्ट येतो, असं?

आणि होय-नाहीचं म्हणाल तर मॅडमचं पटतंय. २०१० ला क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली. वेलीची वाढ रोखायला सीसीसी म्हणून आपण जे मारतो त्येच. तिकडं कुणी म्हणलं न्हाय की तुमचा अंश एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असंल. मर्यादेच्या वर गेला, माल अडला.

तिसरा_बाक

मी उत्तर देऊ का? गेल्याच सेमिस्टरला होतं. ९५ टक्के म्हणजे खरी सरासरी त्या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता ०.९५. बागांशी संबंध नाही.

गुणनियंत्रण

बागांशी संबंध नाही हे बरोबर. बाकीचं चूक, आणि सर, बघा, तुमचंच औषध उलटलं.

खरी सरासरी ठरलेली आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. हलतो तो इंटरव्हल. बारा-बारा शेतकऱ्यांचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले आणि दर वेळी इंटरव्हल काढला तर दीर्घकाळात १०० पैकी ९५ इंटरव्हल खऱ्या सरासरीला पोटात घेतील. हातात आलेला उणे ०.३ ते ५.१ त्या ९५ मधला की उरलेल्या पाचातला, हे कळायला मार्ग नाही. ९५ टक्के पद्धतीबद्दल आहेत, या एका इंटरव्हलबद्दल नाहीत.

नेमननी ही कल्पना १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत मांडली, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ बाउलींनी तिथल्या तिथं शंका काढली होती की आपल्याला जे हवंय ते यातून मिळतं का. मग आमच्या तिसऱ्या बाकाला का दोष द्यायचा?

दुसरा सापळा. दोन जातींचं उत्पन्न, मोठे नमुने: एकीचा इंटरव्हल ४८ ते ५२, दुसरीचा ५१ ते ५५. दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून मुलं लिहितात 'फरक नाही'. चूक! फरक ३, त्याचा स्टँडर्ड एरर १.४४, झेड (मोठ्या नमुन्यातला टी) २.०८, पी-व्हॅल्यू ०.०४ च्या खाली. इंटरव्हल नुसता डोळ्यांनी बघून हे कळत नाही.

आणि पी-व्हॅल्यूवर बंदी घालणाऱ्यांचे दाखले देताय तर पूर्ण द्या. 'बेसिक अँड अप्लाइड सोशल सायकॉलॉजी' या नियतकालिकानं २०१५ मध्ये पी-व्हॅल्यू बंद केली, आणि त्याच फटक्यात कॉन्फिडन्स इंटरव्हलसुद्धा.

विश्रामबागकर

चुका दोन्हीकडं होतात, मान्य. पण चुकीची किंमत बघा. तिसऱ्या बाकानं इंटरव्हलचा अर्थ चुकीचा सांगितला तरी तिच्या हातात उरतं काय? 'खरा आकडा साधारण इथून तिथपर्यंत असावा.' यानं शेतकऱ्याचं फार नुकसान होत नाही. पी-व्हॅल्यूचा अर्थ चुकला की उरतं 'खत चालत नाही' किंवा 'खत सिद्ध झालंय', आणि दोन्ही खोटं.

दोन जातींच्या उदाहरणात तुम्ही स्वतःच फरकाचा स्टँडर्ड एरर काढलात. मग फरकाचाच इंटरव्हल काढा: ०.२ ते ५.८. झालं की काम.

औषधवाल्याचा मुद्दा राहिला. वीस निरुपयोगी औषधं पाच टक्क्यांच्या पातळीवर तपासली तर निदान एक तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के. द्राक्षवाले दादा, तुम्हाला तेवढ्याच एका औषधाचं पत्रक दाखवतात.

माणदेशी

इंटरव्हल की टेस्टिंग यावर हे जे चाललंय त्यात दोघंही एक गोष्ट गृहीत धरून बसलात. ते १२ शेतकरी निवडले कुणी? खतवाल्यानं निवडले असतील तर ठिबक असलेले, माती परीक्षण करणारे, कारखान्याच्या बक्षिसांच्या यादीतले. मग २.२०१ नं गुणा नाहीतर कशानं गुणा. शितावरून भाताची परीक्षा होते कारण भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. रानांचं तसं नसतं.

पीक कापणी प्रयोगांवर (रानातला ठरावीक तुकडा कापून, तोलून उत्पन्नाचा अंदाज काढणं) काम केलंय म्हणून सांगतो. सर्व्हे नंबर यादृच्छिक (रँडम) आकड्यांनी निवडायचा, रानाच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं लांबीत आणि किती रुंदीत जायचं तेही यादृच्छिक. रस्त्याकडेचं, बरं दिसणारं ज्वारीचं रान घ्यायचा मोह पदोपदी होतो.

या पद्धतीमागचं मोठं नाव आमच्याच सातारा जिल्ह्याचं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध, खटाव तालुका. १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएच.डी. त्या काळात नेमन, एगॉन पिअरसन आणि फिशर, तिघंही त्याच कॉलेजात, आणि फिशरचं त्या दोघांशी अजिबात पटत नव्हतं. (आपल्या पुस्तकातला धडा फिशरची पी-व्हॅल्यू आणि नेमनचे चुकांचे दोन प्रकार असं अर्धं अर्धं घेऊन शिवलेला आहे. मुलांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.) परत आल्यावर सुखात्म्यांनी दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरची ताटं आत धरली जातात. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, यावर दोघांचा वादही झाला. आता बघा, असे लहान तुकडे हजारो घेतले तर इंटरव्हल सुईसारखा बारीक येईल, आणि तरी चुकीच्या जागी. पहिल्या वर्षी शिकवायचं तर हे शिकवा.

विश्रामबागकर

सुखात्म्यांबद्दल पूर्ण सहमत. पण तुमच्याच प्रयोगांनी माझा मुद्दा पक्का होतो. पीक विम्यात महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग. समजा रानारानांतला फरक सरासरीच्या ३० टक्के आहे. दहा प्रयोगांचा स्टँडर्ड एरर साडेनऊ टक्के, इंटरव्हल सरासरीच्या दोन्ही बाजूंना २१ टक्के! एवढी अनिश्चितता असताना नुसती सरासरी उंबरठा उत्पन्नाशी (ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते त्याच्याशी) ताडून भरपाई ठरते. इंटरव्हल छापला असता तर लोकांनी प्रश्न विचारले असते.

गुणनियंत्रण

विचारले असते, आणि मग? भरपाई द्यायची की नाही हे कुणीतरी ठरवणारच. तिथं इंटरव्हल गप्प बसतो.

तुमचेच आकडे घेते. जतच्या एका मंडळात ज्वारीचं खरं उत्पन्न उंबरठ्याच्या १० टक्के खाली आहे. दहा प्रयोगांची सरासरी नशिबानं उंबरठ्याच्या वर यायची शक्यता किती? स्टँडर्ड एरर उंबरठ्याच्या ८.५ टक्के, झेड १.१७, शक्यता १२ टक्के. म्हणजे नुकसान झालेल्या दर आठ मंडळांतलं एक कोरडं राहणार. ही दुसऱ्या प्रकारची चूक, म्हणजे नुकसान असून ते न दिसणं, आणि ती मोजायची तर टेस्टिंगचा धडा लागतो.

द्राक्षवाला

ह्ये कळलं. आठात एक म्हंजे लई झालं ओ. आन दहाच्या जागी वीस प्रयोग घेतले तर?

विश्रामबागकर

स्टँडर्ड एरर सहा टक्के. झेड १.६६. शक्यता पाच टक्के, म्हणजे विसात एक.

मॅडम, हे गणित पेपरात येणार असेल तर दुसऱ्या प्रकारच्या चुकीला माझी हरकत नाही. पण ते येत नाही. येतं ते टेबल बघून 'ॲक्सेप्ट' लिहिणं. म्हणून आधी इंटरव्हल, यावर मी ठाम आहे.

माणदेशी

वीस म्हणणं सोपं आहे. मंडळातली ज्वारी सगळी एकाच आठवड्यात काढणीला येते. माणूस एक, गावं पंधरा, आणि शेतकरी फोन करून सांगतो की साहेब, तुमची वाट बघून कालच काढली.