डिसलेक्सिया, ऑटिझम, इन्क्लुझिव एज्युकेशन: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
डॉ. नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या संशोधनावर प्राथमिक शिक्षकांसाठी मराठीत लेख लिहिते आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात असताना त्यांच्या पुढाकाराने 'डाली' ही डिसलेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन शिकायला फार जड जाणं) ओळखण्याची चाचणी तयार झाली. हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसोबत ती मराठीतही आहे. शीर्षकातल्या तीन शब्दांपाशी अडले आहे. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद:
'डिसलेक्सिया' तसाच ठेवा. 'वाचनदोष' लिहिलंत तर पालक आधी चष्म्याचा नंबर काढायला जातील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' ही संज्ञा जास्त व्यापक आहे, लेखनाच्या आणि गणिताच्या अडचणीही तिच्यात येतात. शाळांमध्ये सर्रास 'तो एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) आहे' म्हणतात, ते मला फार खुपतं. 'त्याला एलडी आहे' एवढं तरी म्हणूया.

आणि एक कळकळीची विनंती. इंग्रजीतल्या बी-डीच्या उलटापालटीचं उदाहरण उचलू नका. आपल्या लिपीतल्या अडचणी वेगळ्या आहेत. 'किती' वाचताना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. 'सर्व'मध्ये 'र्' आधी उच्चारायचा, पण रफार बसतो 'व'च्या डोक्यावर. त्यात घ-ध, भ-म सारखी दिसणारी अक्षरं. मात्रा अक्षराच्या चारही बाजूंना लागतात, म्हणून नजरेला ओळीत पुढे जातानाच वर-खालीही फिरावं लागतं. डॉ. सिंग आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात देवनागरी वाचताना मेंदूच्या डाव्या गोलार्धाबरोबर उजव्यातलेही भाग काम करताना दिसले होते. शिक्षकांना हे वाचून वर्गातलं मूल डोळ्यांपुढे येईल.

प्रतिसाद:
ऑटिझमसाठी, म्हणजे इतरांशी संवाद साधण्याची मेंदूची जन्मजात वेगळी ठेवण असते त्यासाठी, 'स्वमग्नता' रुळलाय, पण मला पटत नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ऑटिझम हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनिया या वेगळ्याच मानसिक आजाराच्या संदर्भात. आपण ते 'स्व' घेतलं आणि वर 'मग्न' जोडलं. मराठीत माणूस कामात, गाण्यात, विचारात मग्न होतो, आपल्या खुशीने. म्हणून 'स्वमग्न' म्हटलं की मुलाला आपण नकोसे आहोत असं ऐकू येतं. डॉ. सिंग यांच्याच गटाचा २०१५ चा अभ्यास बघा: बोललेले शब्द ऐकताना ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूतल्या काही भागांमधला दुवा कमकुवत दिसला, पण तेच शब्द गाऊन ऐकवल्यावर टिकून राहिला. मूल दार लावून बसलेलं नाही, वाट वेगळी आहे. मी 'ऑटिझम'च लिहीन.

प्रतिसाद:
इन्क्लुझिवसाठी 'समावेशक'. 'एकात्मिक' नको, तो जुन्या योजनांचा शब्द आहे. तिथे मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचं असे. समावेशक शिक्षणावरच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय सालामांका जाहीरनाम्यापासून भर उलटा झाला, शाळेने मुलांप्रमाणे बदलायचं. 'समावेशित' मात्र टाळा, कुणीतरी मुलाला आत घेतल्यासारखं वाटतं.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. 'डिसलेक्सिया', 'ऑटिझम', 'समावेशक शिक्षण' ठेवते. 'स्वमग्नता' एकदा तरी द्यावा लागेल, कारण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी धावपळ करताना पालकांना सरकारी कागदांवर तोच शब्द भेटणार आहे. बी-डी काढून 'किती' आणि 'सर्व' घालते.