परदेशी स्लँग: कानात असू द्या, तोंडात नको

आडगावकर: मेलबर्नला आलो त्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात फूटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचवर गप्पा रंगल्या होत्या. आमचं इंग्रजी अमेरिकन मालिकांवर पोसलेलं. ऐटीत विचारलं, "हू आर यू रूटिंग फॉर?" क्षणभर सगळे गप्प, मग जो हशा पिकला! अमेरिकेत रूट करणं म्हणजे पाठिंबा देणं. इथे तो शब्द थेट बेडरूममध्ये नेतो. पाठिंब्याला म्हणतात 'बॅरॅक'. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. स्लँग समजून घ्यावी, बोलू नये. साधं इंग्रजी बोला, सुखी राहा.

खडीसाखर: असहमत. एकदा हसले म्हणून जन्मभर तोंड शिवायचं? मी डब्लिनला असते. इथे क्रॅक म्हणजे गप्पाटप्पा, धमाल. कुणी "व्हॉट्स द क्रॅक?" विचारलं की मी शाळेतल्यासारखं "आय ॲम फाइन, थँक यू" म्हणायचे. सगळे सौजन्याने वागायचे, पण पबमध्ये कुणी बोलवायचं नाही. एका सोमवारी "क्रॅक वॉज नाइंटी" असं ठोकून दिलं, म्हणजे लई मजा आली. हसले तेव्हाही, पण शुक्रवारी हाक आली. कोल्हापुरात राहून कधी 'नाद खुळा' म्हणायचंच नाही, असं चालेल का?

बोरमाळ: 'साधं इंग्रजी' म्हणजे कुणाचं हो? "आय पास्ड आउट इन २००९" हे आपल्याकडे अगदी साधं वाक्य. अमेरिकेत मुलाखतीत म्हणा, समोरच्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडला होतात. जोहान्सबर्गला आमचा प्लंबर म्हणाला, "आय विल कम जस्ट नाऊ." मी चहा टाकला. तो उगवला संध्याकाळी. तिकडे 'जस्ट नाऊ' म्हणजे मागाहून, सवडीने. आफ्रिकान्समधल्या 'नेटनाऊ'चा हा प्रताप. सिग्नलला रोबोट म्हणतात, ते निदान खटकतं तरी. न खटकणारे शब्दच घात करतात.

तोफखाना: बोरमाळताईंना +१. एप्रिल १९५१, कोरियन युद्धातली इम्जिन नदीवरची लढाई. ग्लॉस्टर्स ही ब्रिटिश पलटण चिनी फौजेने घेरत आणली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी त्यांचे वरिष्ठ, अमेरिकन जनरल सोल यांना म्हणाले, "थिंग्ज आर अ बिट स्टिकी." इंग्रजांच्या बोलीत याचा अर्थ गळ्याशी आलंय. अमेरिकनाला वाटलं, थोडं अवघड आहे पण निभावतंय. पलटणीतले शेकडो जण कैद झाले.

आडगावकर: म्हणजे माझंच म्हणणं खरं! सरळ "मेलो, मदत पाठवा" म्हणाले असते तर?

तोफखाना: ब्रॉडींना ते सरळच वाटत होतं ना. आणि सगळं खापर एका शब्दावर फोडू नका, चिनी सैन्य संख्येने कितीतरी जास्त होतं.

खडीसाखर: आडगावकर, कोल्हापूरचं उत्तर राहिलं.

आडगावकर: देतो, जस्ट नाऊ.

बोरमाळ: मेलबर्नचं की जोहान्सबर्गचं?