क्रेझी कॅट वाचायला घेतलंय, रोज तीच वीट! यात नक्की बघायचं काय?

टवाळ_कार्टी
मंडळी, जरा मदत करा. मी पेपर हातात आला की आधी चिंटू आणि मग बाकीचं जग या पंथातला, पुढे कॉलेजात कॅल्विन आणि हॉब्ज ही अमेरिकन कॉमिक पट्टी जवळजवळ पाठ. तर कॅल्विनवाल्या बिल वॉटरसनने जॉर्ज हेरिमनच्या क्रेझी कॅट या जुन्या अमेरिकन पेपरातल्या कॉमिक पट्टीवर भरभरून लिहिलंय असं कळलं म्हणून नेटवरून जुनी पानं उतरवून घेतली. आणि काय तर एक मांजर, एक उंदीर, एक कुत्रा. उंदीर मांजराच्या डोक्यात वीट हाणतो, मांजर रागवायच्या ऐवजी लाडात येतं, कुत्रा पोलीस आहे तो उंदराला उचलून आत टाकतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. चाळीसेक पानं झाली, आता शब्दशः विटेचा वीट आलाय. स्पेलिंगं तर अशी की स्वतः लिहिणाऱ्याला तरी कळली असतील का शंका येते. हसू एकदाही आलं नाही. माझं काही चुकतंय का, की मोठी माणसं वा वा करतात म्हणून सगळेच करतात?

शाईचाडाग
चुकतंय. चाळीस पानं सलग वाचलीत ना, तिथेच. लोक हे दिवसाला एक वाचायचे, सकाळी चहाबरोबर दोन मिनिटं. सलग वाचलं तर चिंटूचाही कंटाळा येईल हो.

दुसरं म्हणजे सुरुवात कशी झाली ते बघा. 1910 मध्ये हेरिमन न्यूयॉर्कच्या पेपरात डिंगबॅट नावाच्या कुटुंबाची पट्टी काढायचा. चौकटीत खाली थोडी जागा उरायची, तिथे त्याने उगाच एक मांजर आणि एक उंदीर सोडले. वर माणसांची भांडणं चाललीयेत आणि खाली उंदीर मांजराच्या डोक्यात काहीतरी फेकून मारतोय, वरच्यांना पत्ताच नाही. 1913 च्या ऑक्टोबरात या दोघांना स्वतःची पट्टी मिळाली आणि 1916 च्या एप्रिलपासून रविवारचं अख्खं पान. ते पान पण मुलांच्या रंगीत पुरवणीत नाही, नाटक-कला वगैरेच्या पानांत, काळंपांढरं. बऱ्याच संपादकांना हे प्रकरण झेपायचं नाही, पण पेपरचा मालक हर्स्ट, त्याला आवडायचं आणि मालकाला आवडतं म्हटल्यावर कोण बोलणार. (आपला वेताळ आणि मँड्रेक ज्या किंग फीचर्सकडून आले ती याच हर्स्टची कंपनी.)

आता एक करा. रविवारचं एक पान घ्या, गोष्ट सोडून द्या, फक्त मागचं बघा. पहिल्या चौकटीत मागे डोंगर असतो, दुसरीत त्याच जागी कुंडीतलं झाड, तिसरीत रात्र झालेली आणि चंद्र कलिंगडाच्या फोडीसारखा लटकलेला. पात्रं एकाच जागी उभी राहून बोलतायत, जागाच बदलतेय. हे अ‍ॅरिझोनाचं वाळवंट, कोकोनिनो काउंटी, मॉन्युमेंट व्हॅली. हेरिमन तिथे पुन्हा पुन्हा जायचा, नावाहो लोकांच्या मुलखात, आणि वारल्यावर त्याच्या अस्थीही तिथेच विखुरल्या. कॅल्विन मनातल्या मनात अंतराळवीर होतो तो स्पेसमन स्पिफ ज्या ग्रहांवर आपटतो ते ग्रह आता परत जाऊन बघा, काय ओळखीचं वाटतं सांगा.

दुपारची_झोप
विटेबद्दल एक. क्रेझीच्या मते वीट म्हणजे प्रेमपत्र. एका पानात त्याचा इतिहासच दिलाय, जुन्या इजिप्तमध्ये एका उंदराने क्लिओपात्रा नावाच्या मांजरीवर जीव जडला म्हणून विटेवर प्रेमाचा मजकूर कोरून घेतला आणि ती वीट तिला हाणवली. आता ज्यांच्याकडे पुंडलिकाने साक्षात देवाकडे वीट भिरकावली आणि देव अठ्ठावीस युगं त्यावर उभा राहिला त्या लोकांना हे कळायला जड जाऊ नये 😄

आणि गंमत बघा, इंग्रजीत शंभर वर्षं वाद की क्रेझी ही की तो. हेरिमन स्वतः कधी तो लिहितो कधी ती. फ्रँक काप्राने (सिनेमावाला) त्याला विचारलं तर म्हणे ते यक्षकिन्नरांसारखं आहे, त्यांचं तो-ती काही नसतं. आपल्याकडे प्रश्नच नाही, ते मांजर. विषय संपला.

शाईचाडाग
@दुपारची_झोप वीट मान्य, पण ते मांजर नको. विषय संपतो तीच तर पंचाईत आहे. मुळात एका चौकटीत तो आणि पुढच्या चौकटीत ती आल्यावर वाचणारा अडखळतो. मराठीत ते केलं की अडखळणं गेलं, सगळं कसं गुळगुळीत. मी तर एका ओळीत बोका आणि पुढच्या ओळीत मांजरी करीन.

चहाबाज
उशिरा आलो. तो-ती चाललंय तर माणसाचं पण सांगतो, कारण मला ते कळल्यावर पट्टी वेगळी दिसायला लागली.

हेरिमन 1880 साली न्यू ऑर्लिन्सला जन्मला. 1890 च्या सुमारास कुटुंब उठून लॉस एंजेलिसला गेलं. त्याच वर्षी लुइझियानात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे करायचा कायदा आला होता, यावरून काय ते समजा. पुढे आयुष्यभर तो गोरा म्हणूनच वावरला. ऑफिसातले त्याला ग्रीक म्हणायचे, तो म्हणू द्यायचा. डोक्यावर कायम हॅट, फोटोतसुद्धा. 1944 ला वारला, मृत्यूच्या दाखल्यावर गोरा. मग 1971 मध्ये आर्थर एसा बर्जर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने जन्माचा दाखला काढला, त्यावर लिहिलेलं कलर्ड, म्हणजे गोरा नाही. म्हणजे जन्माला एक आणि मरताना दुसरा, दोन्ही सरकारी कागद.

आता ते पान काढा ज्यात एरवी काळं असलेलं क्रेझी ब्युटीपार्लरमधून पांढरंशुभ्र होऊन बाहेर येतं आणि इग्नाट्झ, म्हणजे तो उंदीर, वीट विसरून मागे लागतो. 1902 ची त्याची म्युझिकल मोझ म्हणून पट्टी होती, एक काळा वादक दुसऱ्याच जमातीचं सोंग घेतो, पकडला जातो, मार खातो. पंचविशी पण गाठली नव्हती तेव्हा त्याने. मी प्रत्येक विटेत वर्णभेद शोधणाऱ्यांतला नाही, काही काही लेख वाचून डोकं उठतं. पण ही दोन पानं बघितल्यावर नुसता विनोद म्हणून पुढे जाता येत नाही एवढं खरं.

टवाळ_कार्टी
बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. स्पिफचे ग्रह उघडून बसलो काल, तुमचं बरोबर आहे. पण भाषेचं काय करू? ती स्पेलिंगं...

शाईचाडाग
मोठ्याने वाचा, दुसरा उपाय नाही. न्यू ऑर्लिन्सचा हेल, ज्यू लोकांची यिडिश, स्पॅनिश सगळं एका भांड्यात. 6 जानेवारी 1918 चं पान घ्या सुरुवातीला. क्रेझी विचारतं भाषा कशाला असते, इग्नाट्झ म्हणतो एकमेकांचं कळावं म्हणून. मग तुला फिनलंडवाल्याचं कळतं का? नाही. त्याला तुझं? नाही. मग क्रेझीचा निकाल, भाषा असते ती एकमेकांचा गैरसमज व्हावा म्हणून.

टवाळ_कार्टी
वाचलं. मोठ्याने. बायको आतून विचारतेय कोणाशी भांडतोयस. आणि हो, हसलो. आता सांगा, वीट बसल्यावर क्रेझी जे लाडाने डार्लिंक म्हणतं त्याचं मराठीत काय करायचं? मी राज्या करून बघितलं.

दुपारची_झोप
राज्या फारच सरळ झालं. राज्ज्या, दोन ज.

चहाबाज
वऱ्हाडीत करा राव, बाप्पा बाप्पा सकट.